काकाने पुतण्याला मारलं तर इंग्रजीत काय म्हणायचं?

हा आपल्या मागच्या एपिसोडचा लेखी अवतार. ऐकला असेल तरी वाचा, कारण बोलताना राहून गेलेल्या बऱ्याच गोष्टी इथे घातल्यात आणि माझी एक चूकही दुरुस्त केलीये. ती कुठली, ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधीच सांगते. आजचा विषय घरातल्या माणसांनी घरातल्याच माणसांना मारण्याचा आहे. मी रक्ताचं वर्णन करत बसणार नाहीये, शब्दांबद्दल बोलणार आहे. तरी कुणाला आज हे नको वाटत असेल तर खुशाल पुढचा एपिसोड लावा.

तर झालं असं, की स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. तिचा प्रश्न होता, "ताई, बापाला मारलं तर पॅट्रिसाइड, आईला मारलं तर मॅट्रिसाइड, भावाला मारलं तर फ्रॅट्रिसाइड. मग राघोबादादाने नारायणरावाला मारवलं त्याला काय म्हणायचं? काकाने पुतण्याला मारलं तर?"

मी हसले आधी. मग लक्षात आलं की ही यादी मलाही तोंडपाठ आहे. तुमच्यातही बऱ्याच जणांना असेल. वन वर्ड सब्स्टिट्यूशन! बँकेची परीक्षा द्या, एसएससी द्या, कॅम्पस प्लेसमेंटची ॲप्टिट्यूड टेस्ट द्या, हे 'साइड'वाले शब्द येतातच. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बसमध्ये उभ्याउभ्या हे घोकलेत. पाढे म्हणावेत तसे. त्यात प्रत्येक शब्दात एक मेलेलं माणूस आहे, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. एका मार्काचा प्रश्न, बाकी काय?

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. शब्द आहे: नेपोटिसाइड. पुतण्याचा किंवा भाच्याचा खून. डिक्शनरीच्या बाहेर सहसा कुणी वापरत नाही, पण आहे. लॅटिनमध्ये 'नेपोस' म्हणजे मुळात नातू, नंतर पुतण्या-भाचाही. 'नेपोटिझम' त्यातलाच, म्हणजे सोप्या भाषेत पुतणेशाही. आणि गंमत म्हणजे आपला 'नातू' हा त्या 'नेपोस'चा लांबचा भाऊ आहे. संस्कृत 'नप्तृ'पासून 'नातू', आणि 'नप्तृ' आणि 'नेपोस' एकाच मुळाचे.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात जे झालं ते आपल्याला शाळेपासून माहितीये. 'धरावे'चं 'मारावे' झालं, ध चा मा, ही त्यातली दंतकथा. एका अक्षराच्या बदलाने माणूस मरतो ही कल्पना कोड लिहिणाऱ्या कुणालाही जरा जास्तच कळते, असं मला नेहमी वाटतं. पण उलटा प्रकार घ्या, पुतण्याने काकाला मारलं तर? अव्हंक्युलिसाइड. आता यात एक बारीक गोची आहे. लॅटिनमध्ये 'अव्हंक्युलस' म्हणजे मामा. काकासाठी वेगळा शब्द होता, 'पॅट्रुअस'. इंग्रजीतला 'अंकल' आला तो 'अव्हंक्युलस'वरून. म्हणजे इंग्रजीत सगळे काका मुळात मामाच आहेत!

बरं, आता मशिनरी बघू. सगळ्या शब्दांच्या शेवटी 'साइड' आहे. तो लॅटिनच्या 'काएदेरे' या क्रियापदातून आलाय. अर्थ: कापणे, तोडणे, मारणे. त्याचं कुटुंब फार मोठं आहे. 'इन्सिजन' म्हणजे डॉक्टरने दिलेला छेद, 'इन्सायझर' म्हणजे पुढचा कापणारा दात, 'प्रिसाइज', 'कन्साइज', सगळे त्यातलेच. 'सिझर्स' म्हणजे कात्रीसुद्धा. 'सिमेंट'सुद्धा, कारण मुळात ते फोडलेल्या दगडाचे तुकडे होते. आणि माझा आवडता, 'डिसाइड'. ठरवणे म्हणजे बाकीचे पर्याय कापून टाकणे. सॉफ्टवेअरच्या मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला हे पटणार नाही, तिथे कुणी काहीच कापत नाही, पण मूळ अर्थ तो आहे.

एक सापळा लक्षात ठेवा. 'कोइन्साइड', 'ॲक्सिडेंट', 'इन्सिडेंट' हे या घरातले नाहीत. ते 'कादेरे' म्हणजे पडणे, या वेगळ्या क्रियापदातले. स्पेलिंग सारखं दिसतं म्हणून फसू नका.

दुसरी गोष्ट. लॅटिनमध्ये दोन वेगळे प्रत्यय होते. '-किदा' म्हणजे मारणारा आणि '-किदियम' म्हणजे मारण्याची क्रिया. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना दोन्ही घासून एकच 'साइड' उरला. म्हणून 'पॅट्रिसाइड' म्हणजे बापाचा खूनही आणि बापाचा खुनीही. एकाच फंक्शनचं नाव दोन कामांना. वाक्य वाचूनच कळतं की माणूस म्हणायचाय की गुन्हा.

संस्कृतमध्ये हे वेगळे राहिले. क्रियेला 'हत्या', आणि करणाऱ्याला '-घ्न'. दोन्ही 'हन्' धातूचे. 'शत्रुघ्न' म्हणजे शत्रूंना मारणारा. 'कृतघ्न' म्हणजे केलेलं मारून टाकणारा, कुणी केलेला उपकार संपवणारा. रोज वापरतो आपण हा शब्द, पण त्याच्यात एक खुनी लपलाय हे कधी जाणवतं का? आणि 'पितृ', 'मातृ', 'भ्रातृ' हे लॅटिनच्या 'पातेर', 'मातेर', 'फ्रातेर'चे सख्खे नातेवाईक आहेत हे तर कानालाच कळतं. म्हणजे 'पितृहत्या' आणि 'पॅट्रिसाइड' यांचा पहिला अर्धा भाग एकाच घरचा आहे, दुसरा नाही.

इथपर्यंत सगळं सोपं. यादी पाठ झाली, मूळ कळलं, एपिसोड संपला. पण मी वाचत बसले तसं एक वेगळंच दिसायला लागलं. या शब्दांची रांग दिसते सरळ, पण तशी ती नाहीये. काही शब्द दोन हजार वर्षं कायद्यात आहेत. काही फक्त प्रश्नपत्रिकेत आहेत. आणि काही खुनांना कित्येक शतकं नावच नव्हतं. नाव कुणाच्या खुनाला मिळालं, ते बघत जा.

सुरुवात रोमपासून. सगळ्यात जुना शब्द आहे पॅरिसाइड. पॅट्रिसाइड नाही बरं का, पॅरिसाइड. आज इंग्रजीत याचा अर्थ आईबापांचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा खून. रोमन परंपरेत नुमा या राजाच्या नावावर एक जुनाट नियम सांगितला जातो, की जो कुणी स्वतंत्र माणसाला जाणूनबुजून मारेल तो 'पॅरिकिदास' ठरेल. यात बापाचा उल्लेखच नाही! शब्दातला 'पॅरि' म्हणजे नक्की कोण, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कुणी म्हणतं बाप, कुणी म्हणतं नातेवाईक, कुणी म्हणतं बरोबरीचा माणूस. पण पुढे रोमन लोकांच्या कानाला त्यात 'पातेर' ऐकू यायला लागला आणि शब्द बापाला चिकटला.

आणि बापाला मारणाऱ्याची शिक्षा काय? पोत्यात घालून, तोंड शिवून, पाण्यात फेकणे. आता माझी चूक. एपिसोडमध्ये मी म्हणाले की सिसेरोच्या काळी पोत्यात कुत्रा, कोंबडा, साप आणि माकड पण घालायचे. ते तसं नाही. सिसेरो फक्त पोत्याबद्दल बोलतो. चार प्राण्यांची भानगड पुढच्या काळातल्या कायद्याच्या ग्रंथांत येते. मी दोन गोष्टी एकत्र मर्ज केल्या, सॉरी.

सिसेरोची ती केस मात्र ऐकण्यासारखी आहे. इसवी सनपूर्व ८०. सिसेरो सव्वीस वर्षांचा, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा वकील. आरोपी सेक्स्टस रॉसियस, गावाकडचा शेतकरी. आरोप, बापाला मारलं. बापाची इस्टेट साठ लाख सेस्टर्सची, आणि ती लिलावात फक्त दोन हजारांना घेतली होती क्रिसोगोनस नावाच्या माणसाने. हा क्रिसोगोनस हुकूमशहा सुल्लाचा खास माणूस. म्हणजे मुलगा एकदा पोत्यात गेला की जमिनीवर हक्क सांगायला कुणी उरत नाही. सिसेरोने उभं राहून हेच विचारलं की फायदा कुणाचा झाला ते बघा. आणि जिंकला.

त्याच भाषणात तो एक गोष्ट सांगतो. अथेन्सचा कायदे करणारा सोलोन, त्याला लोकांनी विचारलं की बापाच्या खुनाला तू शिक्षाच का लिहिली नाहीस? तर तो म्हणाला, असं कुणी करेल असं मला वाटलंच नाही. सिसेरोला यात शहाणपण दिसतं, की जे कधी घडलंच नाही त्याला नाव देऊन लोकांना कल्पना कशाला द्या? माझं मत विचाराल तर हे जरा भाबडं आहे. घरातल्या गोष्टीला नाव दिलं नाही म्हणून ती थांबत नाही. फक्त ती सांगायला तोंडात शब्द नसतो.

आता खरा मुद्दा. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात रोममध्ये या गुन्ह्यासाठी कायदा झाला, लेक्स पॉम्पेया. त्यात कुणाकुणाला मारलं तर पॅरिसाइड धरायचं याची लांबलचक यादी आहे. बाप, आई, आजोबा, आजी, भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, चुलत भावंडं, नवरा, बायको, सासू, सासरे, जावई, सून. आईने मुलाला किंवा मुलीला मारलं तर तेही यादीत आहे. आजोबांनी नातवाला मारलं तर तेही. यादी वाचताना मी टेस्ट केसेस तपासतो तसं एकेक नातं टिकमार्क करत गेले. एक सापडेना.

बापाने मुलाला मारलं तर?

नाहीये. ती विसरभोळेपणाने राहिलेली जागा नव्हती. रोमन कुटुंबात बापाला मुलांच्या जगण्यामरण्यावर अधिकार होता, कायद्याने. तो वापरला तर त्याला खून कसं म्हणणार? मुलांना मारणंही पॅरिसाइडमध्ये धरायचं, हे यायला सम्राट कॉन्स्टंटाइन यावा लागला, चौथ्या शतकात. आज आपण परीक्षेत 'फिलिसाइड' लिहितो, म्हणजे स्वतःच्या मुलामुलीचा खून. लॅटिनच्या 'फिलियस' आणि 'फिलिया'वरून. दिसतो अगदी रोमन, पण तो सतराव्या शतकात इंग्रजीत आलेला शब्द आहे. ज्यांची भाषा वापरून तो बनवला, त्यांना त्याची गरज वाटली नव्हती.

फ्रॅट्रिसाइड आणि सोरोरिसाइड पटकन उरकते. पहिला भावाचा खून, दुसरा बहिणीचा. पहिला खूप वापरला जातो, कारण बायबलमध्ये केन आणि हाबेल, रोमच्या स्थापनेत रोम्युलस आणि रीमस. यादवी युद्धालाही हाच शब्द लावतात. अमेरिकन लष्करात आपल्याच सैनिकांवर चुकून गोळीबार झाला तर त्यालाही फ्रॅट्रिसाइड म्हणतात. मराठीत 'भ्रातृहत्या' पुस्तकी वाटतो, आपण त्या सगळ्या प्रदेशासाठी एक झकास शब्द ठेवलाय, 'भाऊबंदकी'. खुनापर्यंत पोचायची गरज नाही, बांधावरून सुरू होतं. सोरोरिसाइड मात्र मी परीक्षेशिवाय कुठेच वाचला नव्हता. हे लक्षात ठेवा, शेवटी परत येणारे.

आता नवराबायको. बायकोला मारलं तर अक्सोरिसाइड, 'उक्सोर' म्हणजे बायको. नवऱ्याला मारलं तर मॅरिटिसाइड, 'मारितुस' म्हणजे नवरा. प्रश्नपत्रिकेत दोघं शेजारी शेजारी, कसे समान! इंग्लंडच्या कायद्यात बघा काय होतं.

१३५१ चा राजद्रोहाचा कायदा. त्यात राजाविरुद्धचा तो मोठा द्रोह. आणि त्याखाली एक छोटा द्रोह, 'पेटी ट्रीझन'. यात तीन प्रकार. नोकराने मालकाला मारणं, धर्मगुरूने आपल्या वरिष्ठाला मारणं, आणि बायकोने नवऱ्याला मारणं. म्हणजे घर हे एक राज्य आणि नवरा त्याचा राजा. त्या काळच्या कायद्याच्या भाषेत नवऱ्याला शब्दच 'बॅरन' असा होता, म्हणजे सरदार. आणि बायकोला 'फेम', म्हणजे नुसती बाई. या गुन्ह्यात बाईला शिक्षा होती जाळण्याची. प्रत्यक्षात बहुतेकदा आधी गळा आवळायचे, पण कायद्यात होतं जाळणे. १७९० मध्ये जाळणं बंद होऊन फाशी आली, आणि 'पेटी ट्रीझन' हा गुन्हा पुस्तकातून गेला १८२८ मध्ये.

आणि नवऱ्याने बायकोला मारलं तर? साधा खून. तिला मारणं हा कशाचाच द्रोह नव्हता.

म्हणजे पावणेपाचशे वर्षं एकाच घरातल्या दोन खुनांची दोन वेगळी नावं होती, आणि त्यातून कोण वर आणि कोण खाली ते कळत होतं. 'मॅरिटिसाइड' हा शब्द लोकांच्या तोंडी का बसला नाही, असं मला कुणीतरी विचारलं. मला वाटतं गरजच पडली नसेल. त्याच्यासाठी त्याहून वजनदार शब्द आधीच होता.

विसाव्या शतकात काही बायकांनी ठरवलं की आपणच शब्द वापरात आणू. 'फेमिसाइड' हा शब्द इंग्रजीत आधीपासून पडून होता. डायना रसेल या अभ्यासक-कार्यकर्तीने १९७६ मध्ये ब्रसेल्समध्ये बायकांवरच्या गुन्ह्यांसाठी भरलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायसभेत तो नव्या अर्थाने वापरला: बाई आहे म्हणून केलेला खून. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांनी त्याचं स्पॅनिश रूप थेट कायद्यात घातलं.

आता ज्या शब्दाशी आपला खरोखर संबंध आला, तो. इन्फँटिसाइड. बालहत्या.

'इन्फन्स' म्हणजे लॅटिनमध्ये 'न बोलणारं'. ज्याला अजून बोलता येत नाही ते. किती सुंदर शब्द आहे बाळासाठी, आणि त्याला 'साइड' जोडला की अंगावर येतो, कारण ते तर काही सांगूच शकत नाही.

इंग्लंडमध्ये १६२४ चा एक कायदा होता. अविवाहित बाईने मूल झाल्याचं लपवलं आणि मूल मेलेलं सापडलं, तर तिनेच मारलं असं गृहीत धरायचं. मूल मेलेलंच जन्मलं होतं हे साक्षीदार आणून तिने सिद्ध करायचं. लपून एकटीने बाळंत झालेली बाई साक्षीदार कुठून आणणार? हा कायदा १८०३ पर्यंत चालला. लग्न झालेल्या बाईला तो लागू नव्हता. पुढे १९२२ आणि मग १९३८ च्या कायद्याने तिथे चित्र बदललं. बारा महिन्यांच्या आतलं मूल, आणि बाळंतपणामुळे आईचं मानसिक संतुलन ढळलेलं असेल, तर तो गुन्हा 'इन्फँटिसाइड', खुनापेक्षा कमी शिक्षेचा. म्हणजे तिथे हा शब्द आज आईच्या बाजूने उभा राहतो. आपल्या दंडसंहितेत अशी वेगळी तरतूद नाही.

डॉक्टरांनीही यात भर घातली. फिलिप रेस्निक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६९ मध्ये फिलिसाइडच्या जुन्या १३१ केसेस वाचून कारणांचे पाच प्रकार केले. आणि जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांतल्या हत्येला त्याने वेगळं नाव दिलं, 'निओनॅटिसाइड'. कारण त्याला दिसलं की त्या आया वेगळ्या असतात. बऱ्याचदा तरुण, अविवाहित, आणि गरोदरपण शेवटपर्यंत लपवलेलं.

आपल्याकडे हा शब्द कंपनी सरकारच्या कागदपत्रांतून आला. १७८९ मध्ये बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन याला कळलं की तिथल्या राजकुमार नावाच्या राजपूत कुळात मुली जन्मताच मारतात. त्याने त्यांच्याकडून लेखी करार करून घेतले. हाच डंकन पुढे १७९५ ते १८११ मुंबईचा गव्हर्नर होता आणि काठेवाडात त्याच्या काळात तशीच मोहीम झाली. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथिड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे, आणि त्याच्यावर या इन्फँटिसाइडच्या कामाचा उल्लेख कोरलाय. चर्चगेटला उतरून चालत जाता येतं, जाऊन बघा. फक्त एक लक्षात घ्या, करार झाले म्हणून प्रथा संपली नव्हती. १८७० मध्ये त्यासाठी पुन्हा खास कायदा करावा लागला.

सरकारी कागदात इन्फँटिसाइड म्हणजे 'त्या' जातींची वाईट चाल. पण पुण्यात तोच शब्द वेगळ्या घरात सापडला. ब्राह्मण विधवा, पुनर्विवाहाला बंदी, घरातल्याच किंवा ओळखीतल्या पुरुषापासून दिवस गेलेले. मूल झालं की एकतर जीव द्यायचा नाहीतर घ्यायचा. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेला बाळ मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये आपल्या घरातच जागा उघडली, जिथे विधवा येऊन गुपचूप बाळंत होऊ शकतील आणि मूल ठेवून जाऊ शकतील. नाव काय दिलं? बालहत्या प्रतिबंधक गृह. 'विधवाश्रम' नाही, 'अनाथालय' नाही. थेट गुन्ह्याचं नाव दारावर. अशा एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

मग १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली, अपिलात ती कमी झाली. पेपरांत बायकांच्या बिघडलेल्या चालीवर लेख आले. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये पुस्तक लिहून उत्तर दिलं, 'स्त्री-पुरुष तुलना'. त्यातला सवाल, माझ्या शब्दांत, असा की आरोपीच्या पिंजऱ्यात बाई एकटीच कशी? मूल काय तिने एकटीने जन्माला घातलं?

आता आजच्याकडे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. त्यासाठी आपण वापरत आलेला शब्द, 'स्त्रीभ्रूणहत्या'. मीही एपिसोडमध्ये सवयीने तोच वापरला. नंतर या क्षेत्रात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं, की ती मंडळी हा शब्द टाळतात आणि 'गर्भलिंगनिवड' म्हणतात. कारण 'हत्या' म्हटलं की बोट जातं गर्भपात करून घेणाऱ्या बाईकडे, आणि १९७१ पासून कायदेशीर असलेला गर्भपातही खुनासारखा वाटायला लागतो. चुकीचं आहे ते मुलगी नको म्हणून लिंग तपासणं. तपासणारा डॉक्टर आणि 'तपासून घे' म्हणणारं घर 'हत्या' या शब्दात दिसतच नाहीत. पटलं मला.

आणि मग 'हुंडाबळी'. १९८६ मध्ये कलम ३०४-ब आलं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८०. लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झालेला असेल, तर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी मृत्यू घडवला असं कायदा मानतो. कायदा थेट बोट दाखवतो. शब्द मात्र बघा. 'बळी'. दरड कोसळून बळी, पुराचे बळी, हुंड्याचा बळी. इंग्रजीतल्या घासलेल्या 'साइड'मध्येसुद्धा खुनी बसलेला असतो. आपल्या शब्दात मेलेली आहे, कारण आहे, आणि मारणारा बाहेर ओसरीवर उभा आहे.

(तुम्हाला किंवा ओळखीत कुणाला घरात त्रास होत असेल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीने पोलीस हवे असतील तर ११२. हे मी एपिसोडमध्ये घाईत बोलले होते, म्हणून इथे लिहून ठेवते.)

एपिसोड रेकॉर्ड व्हायच्या आदल्या रात्री त्याच श्रोतीची दुसरी व्हॉइस नोट आली. नेपोटिसाइडवर ती खूश होती. तिला आता विचारायचं होतं की 'ऑनर किलिंग'ला वन वर्ड काय. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी मुलीला मारल्याची बातमी तिने वाचली होती. तिच्या यादीत हा शब्दच नव्हता.

मी तिला लिहिलं: बापाने किंवा आईने मारलं असेल तर फिलिसाइड. भावाने मारलं असेल तर सोरोरिसाइड. 'ऑनर' हे त्यांनी पोलिसांना सांगितलेलं कारण आहे, ते गुन्ह्याच्या नावात घ्यायचं कारण नाही. बातमीत बघ कोणी मारलंय, त्यावरून शब्द ठरेल.

दहा मिनिटांनी तिने बातमीचा फोटो पाठवला, आणि खाली एक ओळ. "ताई, दोनदा वाचली. 'नातेवाइकांनी' एवढंच लिहिलंय."